बटणावरचा फेटेवाला

नांदुऱ्याच्या बसस्थानकावर दोघींचं बोलणं सफाच्या कानावर पडलं. त्या तिनंच बनवलेल्या, बोंडअळीवर सल्ला देणाऱ्या वेबसाइटबद्दल बोलत होत्या.

“वत्सला, अळीचा फोटो पाठवला काय?”

“नाही वो काकू. बटणावर फेटेवाला माणूस हाय.”

“मंग?”

“मले वाटलं, ते गडीमाणसाईचं असन.”

“कपाशी तं तुही हाय.”

“हाव, पण बटण त्याचं हाय.”

सफानं घाईघाईनं लॅपटॉप उघडला, फेटेवाला काढून तिथं बोंडाचं चित्र लावलं.

“ताई, ती वेबसाइट परत उघडून पाहा ना.”

“अवो काकू, फेटेवाला गेला. बोंड आलं!”

“दाब मंग.”

सफाच्या स्क्रीनवर पोखरलेल्या बोंडाचा फोटो उमटला, खाली वत्सलाचं नाव. बस लागली तरी सफा उठली नाही; उत्तर लिहीत राहिली.