पावणेतीनशे काळ्या पट्ट्या

...नाही, मला एक सांगा, माणसानं दुकानात यायचं, स्टूल आपल्या उंचीला वरखाली करून घ्यायचं, दोन तास कीबोर्ड बडवायचा, आमच्याच पंख्याखाली घाम वाळवायचा, आमचंच पाणी प्यायचं, त्यातला प्रत्येक आवाज ऐकायचा, म्हणजे बासरी, पाऊस, घोड्याच्या टापा, हेलिकॉप्टर, सगळं, आणि उठताना काय म्हणायचं? "छान आहे हो! पण प्रदर्शन होऊ दे, मग बघू."

प्रदर्शन होऊ दे, मग बघू!

तुम्हाला सांगतो, हे वाक्य मी दिवसाला पंधरा वेळा ऐकलेलं आहे. झोपेत ऐकलंय. दाढ काढायला गेलो होतो, डॉक्टर चिमटा घेऊन उभे, मी म्हणालो, प्रदर्शन होऊ दे, मग बघू. असं झालं होतं माझं!

म्हणजे काय असतं, दर वर्षी कुठेतरी लांब एका अवाढव्य हॉलमध्ये जगातल्या सगळ्या वाद्यकंपन्या आपापले नवे कीबोर्ड, नवे सिंथेसायझर घेऊन बसतात. असेल बुवा. बसोत. पण त्याच्या तीन महिने आधीपासून इथे अफवा! यंदा म्हणे घडी घालून खिशात ठेवायचा सिंथेसायझर येतोय. यंदा म्हणे तुम्ही नुसता सुस्कारा टाकलात की तो त्याचं गाणं करणार. एक जण तर मला गंभीरपणे म्हणाला, "यंदाच्या मॉडेलला वास येणार." कसला वास? "ते अजून जाहीर केलेलं नाही." आणि असं सगळं येणार असताना आमच्याकडचा साधा, एकसष्ट पट्ट्यांचा, गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला कीबोर्ड कोण घेणार?

एक गृहस्थ मुलीसाठी घ्यायचा म्हणून यायचे. मुलगी तेव्हा सात वर्षांची, स्टुलावर बसली की पाय लोंबकळायचे. दर वर्षी यायचे, दर वर्षी म्हणायचे, प्रदर्शन होऊ दे. शेवटी एकदा आले ते नातीला घेऊन. पाय लोंबकळतायत! मी म्हटलं, आणि मुलगी? "तिला आता वेळ कुठाय?" म्हणाले.

असो. तर हे दुकान होतं तेव्हाची गोष्ट. आता तिथे चष्मे मिळतात.

दुकानात आम्ही तिघं. मालक, काका आणि मी. मालक साठीच्या पुढचे, बायको गेल्यापासून दुकानाच्या मागच्याच खोलीत राहायचे. काका म्हणजे मालकांचे नव्हेत, माझेही नव्हेत, पण काका. दुरुस्तीचं टेबल त्यांचं. एकतीस वर्षं त्याच टेबलाशी. हात सतत थरथरायचे, चहाचा कप धरला की बशीत अर्धा, पण हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला की हात दगड! म्हणून जेवतानासुद्धा डाव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर धरायचे. आणि मी. मी विक्री बघायचो. म्हणजे विक्री होत नाही हे बघायचो.

एक दिवस कंपनीचा माणूस आला. टाय, बॅग, चेहऱ्यावर कसलीच सुरकुती नाही. कोपऱ्यात रचलेले आमचे अकरा कीबोर्ड त्यानं बोट लावून मोजले आणि बोटाची धूळ रुमालाला पुसत म्हणाला, "सर, प्रदर्शनाच्या आत हे अकरा गेले पाहिजेत. नाही गेले तर नवीन माल तुम्हाला नाही, एजन्सी दुसऱ्याला. माझ्या हातात काही नाही, सर." यांच्या हातात कधीच काही नसतं. बॅग असते फक्त.

एजन्सी गेली की दुकान गेलं. दुकान गेलं की मागची खोली गेली. मग मालकांनी जायचं कुठे? लेकीकडे. लेक म्हणायची, "बाबा, या ना आमच्याकडे." जावई काहीच म्हणायचा नाही. एकदा मालक चार दिवस राहून आले, मी विचारलं, कसं काय झालं? म्हणाले, "छान. हॉलमध्ये गादी घालतात. फक्त चपलांच्या कपाटाचं दार उघडायचं असलं की मला उठावं लागतं." आणि चार लोकांचं घर हो, किती वेळा चपला काढणार माणसं? मालकांनी मोजलं होतं. दिवसाला सव्वीस वेळा.

तर मला वाईट वाटलं. इथेच चुकलं माझं. मला वाईट वाटलं की मी काहीतरी करतो.

मी काय केलं, आपणच एक अफवा सोडायची असं ठरवलं. पण अशी घाणेरडी अफवा, की नवीन मॉडेलचं नाव काढलं की लोकांनी कानाला खडा लावावा आणि धावत येऊन जुना उचलावा. दुसऱ्या दिवशी शिकवणीवाल्या बाई आल्या, वीस मुलांची शिकवणी त्यांची. वाजवलं, ऐकलं, पर्स उचलली, "छान आहे, पण प्रदर्शन होऊ—" मी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. यंदापासून काळ्या पट्ट्या बंद."

"म्हणजे?"

"काढून टाकल्या. खर्च वाचवतायत. नुसत्या पांढऱ्या."

बाई हळूच स्टुलावर बसल्या. मला वाटलं, लागला बाण. आता म्हणतील, अरे देवा, दे बाबा हाच बांधून. आणि बाई म्हणतात, "अगंबाई, किती छान! माझी सगळी मुलं काळ्यांपाशीच अडकतात!"

हे काय!

म्हटलं, एखादी बाई असते अशी. संध्याकाळी आमच्या गल्लीतले डॉक्टर आले, तेही दर वर्षीचं गिऱ्हाईक. त्यांना हळूच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे शिकायचं निम्म्यावर आलं! हुशार आहेत लेकाचे." मग एक पोरगा यायचा, गळ्यात कायम हेडफोन, स्वतःच्या खोलीत गाणी करायचा आणि स्वतःच ऐकायचा. तो डोळे मिटून म्हणाला, "शुद्ध. एकदम शुद्ध. मी हेच म्हणत होतो." कधी म्हणत होतास रे? कुणाला?

एकच माणूस घाबरला. ऑर्केस्ट्रातला गायक. "अहो, मी काळी दोनमध्ये गातो! माझं काय?" मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, एक तरी विकला. तर मागच्या स्टुलावर बसलेले डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पांढरीत या की! सगळे येतायत." तर त्यानं दहा मिनिटं पांढऱ्या पट्टीत गाऊन बघितलं आणि म्हणाला, "खरंच, मी उगाचच इतकी वर्षं..." अहो, डोळ्यांत पाणी त्याच्या!

आणि मग सगळे मिळून काय म्हणाले? प्रदर्शन होऊ दे, मग बघू!

चार दिवसांत अफवा फिरून माझ्याकडेच परत आली. एक अनोळखी माणूस आला, इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि मला म्हणाला, "तुम्हाला म्हणून सांगतो." मी म्हटलं, अहो, ही थाप आहे. तर माझ्याकडे दयेनं बघून म्हणाला, "तुमच्यापर्यंत पोचलं नसेल अजून. छोटं दुकान आहे."

मग कंपनीच्या माणसाचा फोन. मालकांनी स्पीकरवर टाकला. "सर, तुमच्याकडे काही कळलं का? समोरची कंपनी काळ्या काढतेय म्हणे. आमचे वरचे साहेब तीन दिवस घरी गेले नाहीत, मीटिंग चालू आहे. आम्हीही काढणार, सर, पण ते आधी काढतील अशी भीती आहे." आणि फोन ठेवता ठेवता, "ते अकरा तेवढे बघा, सर."

मालकांनी फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं. तोंड उघडायची हीच वेळ होती. नुसतं म्हणायचं, मालक, ही माझी थाप आहे. पाच शब्द. पण मालकांचा चेहरा असा झाला होता की... अहो, मी त्यांच्याकडे चोवीस वर्षं होतो, ते असे कधी दिसले नव्हते. बंद खिडकीवर डकवलेला कागद वाऱ्यानं उडावा आणि आत अचानक उजेड यावा, तसं काहीतरी. म्हणाले, "अरे, कंपनीसुद्धा म्हणतेय!" आणि मी म्हणालो, "हो का?"

हो का! दोन शब्द. तीन वाचवले मी.

शनिवारी घरी गेलो, रविवारची सुट्टी, सोमवारी सकाळी आलो. शटर अर्धं वर. आत काका दुरुस्तीच्या टेबलाशी, शर्ट शनिवारचाच, आणि भिंतीला ओळीनं उभे केलेले अकराच्या अकरा कीबोर्ड... कसं सांगू तुम्हाला... दात पाडलेले. काळी म्हणून एक पट्टी नाही. काळ्यांच्या खाचा होत्या तिथे काकांनी पांढऱ्या नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे, तुकडे कापून बसवले होते, आणि तेही इतके नीट! टेबलावर पत्र्याचा डबा. एका कीबोर्डला पंचवीस, अकरा पंचवीस पावणेतीनशे. सगळ्या धुऊन पुसून ठेवलेल्या!

मी म्हटलं, "काका, हे काय केलंत?"

"मालक म्हणाले, प्रदर्शनापर्यंत थांबायचंच कशाला? आपणच आधी काढू. गिऱ्हाइकांना तोच हवाय, तर तोच देऊ."

"काका, ती थाप होती. मी मारलेली."

काकांनी शेवटचा स्क्रू पिळला. "माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"एकतीस वर्षं पेट्या उघडतोय मी. काळ्यांशिवाय काय वाजणार आहे डोंबल? एवढं कळतं."

"मग काढल्यात कशाला!"

काकांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. हात लगेच थरथरायला लागले. म्हणाले, "शनिवारी मालक अंघोळ करताना गात होते. मालकीणबाई गेल्यापासून पहिल्यांदा. मी काय सांगायला हवं होतं? तूच सांग."

मी बाहेर गेलो आणि शटर पूर्ण वर केलं.

आणि तुम्हाला सांगतो, बाहेर रांग! मालकांनी रविवारभर फोन करून सगळ्यांना बोलावलेलं. बाई, डॉक्टर, हेडफोनवाला, गायक, नातीला घेऊन ते गृहस्थ, आणखी पाच-सहा अनोळखी. मालक इस्त्रीचा शर्ट घालून दारात. केसांना पाणी लावून भांग पाडलेला. "या, या! प्रदर्शनाच्या आधी आपल्याकडे. जगात पहिल्यांदा!"

डॉक्टर पुढे झाले. स्टूल आपल्या उंचीला करून घेतलं. वाजवलं. सा रे ग म वर, म ग रे सा खाली. सगळे श्वास रोखून. आणि मी, तुम्हाला खोटं नाही सांगत, मी मनात म्हणालो, घे. घे रे बाबा. एकदा घे. थाप तर थाप, अकरा जाऊ देत, मी जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही.

डॉक्टर उठले. पँट झटकली. "उत्तम! हात अडकतच नाही कुठे. कमाल केलीत."

"मग बांधू?" मालक म्हणाले.

"नाही... प्रदर्शन होऊ दे, मग बघू."

"पण डॉक्टर, प्रदर्शनात येणार होता तो हाच!"

"हा जुना झाला हो!" डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला म्हणून सांगतो. आता पांढऱ्याही काढतायत."

ही माझी नव्हे! मला लागेल त्याची शपथ घालता का, घाला, पण ही माझी नव्हे! ही कुणाची, कुठून आली, मला आजपर्यंत माहीत नाही. पण रांगेतली सगळी मुंडकी एकदम हलली. बाई म्हणाल्या, "हो, मीही ऐकलंय." हेडफोनवाला डोळे मिटून म्हणाला, "शुद्ध." आणि एकेक जण, मालकांचा हात हातात घेऊन, अभिनंदन करून, निघून गेला. नातीवाले गृहस्थ शेवटी गेले. नात म्हणत होती, "आजोबा, घ्या ना." आजोबा म्हणाले... काय म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे.

दुकानात आम्ही तिघं आणि ते अकरा बोळके.

मी म्हटलं, आता. आता नाही सांगितलं तर आपण माणूस नव्हे. मी मालकांसमोर जाऊन उभा राहिलो. "मालक, ते काळ्यांचं... मालक, मला तुम्हाला एक सांगायचंय."

मालक त्या कीबोर्डकडे बघत होते. मग काहीच न ऐकल्यासारखं म्हणाले, "काका, स्क्रू-ड्रायव्हर घ्या."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग घेतला. हात दगड.

"आणि तू रे, बघत काय उभा राहिलास? डबा धर."

धरला! काय करणार? आणि पांढऱ्या एका कीबोर्डला छत्तीस असतात, त्यातून लांबीला मोठ्या. दुसऱ्या कीबोर्डलाच डबा भरला. मग आणखी डबे आणायला मीच गेलो.