करकोचा थांबला

पोलंडमधल्या कील्त्सेच्या बसस्थानकावर मी गरम पिएरोगीच्या, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांच्या, रांगेत होते. माझ्या मागे एक मुलगी आणि एक मुलगा. दोघांच्या मधे चादरीत गुंडाळलेला, सहा चाकांचा, घरी बनवलेला रोबोट.

"दोन मीटर, तिमोन! दोनच मीटर राहिले होते आणि तू लाल बटण दाबून त्याला बंद केलंस."

"चाकाखाली बेडूक आला होता, यागोदा."

"मंगळावर बेडूक नसतात."

"मंगळ म्हणून बनवलेल्या स्पर्धेच्या मैदानात होता ना!"

"मी तंबूत बसून चालवत होते, मला पडद्यावर नुसती लाल माती दिसत होती."

"म्हणूनच तर मला बाहेर उभं केलं होतं."

"वर्षभर राबलो, हौसेनं नाव ठेवलं करकोचा. आणि करकोचा बेडकासाठी थांबला! सगळे फिदीफिदी हसत होते."

"हसू देत. परीक्षकांना अहवालाचा कागद दिलास?"

"दिला. बाद झालं तरी द्यावाच लागतो."

"शेवटच्या रकान्यात काय लिहिलंस?"

"कुठल्या?"

"जीवसृष्टीची खूण सापडली का, त्या. मोहीम त्यासाठीच होती ना?"

रांग दोन माणसं पुढे सरकली. रोबोटही सरकवला गेला.

"'नाही' लिहिलं."