पानदानातला मुद्देमाल

...डाग म्हणे! अहो, फुफ्फुसात डाग, पण कसला ते विचारलं तर सांगेनात! तुम्हाला सांगतो, मी मधुकर, मलकपेठेत राहतो, उभी हयात कोर्टात कारकुनी केली, खोटा साक्षीदार जिन्यावरूनच ओळखतो. काहीतरी गोम होतीच!

गळ्यात गाठी, काखेत गाठी... लिम्फोमा! घरात त्याचं नाव ‘गाठींचं दुखणं’, कॅन्सर म्हटलं की जणू मी जागेवरच आटोपणार! त्यासाठी सलाइनमधून जालीम औषध चाललेलं, त्यात ताप, खोकला, चार पावलं चाललं की धाप. आणि दवाखाना कसला? बाजार खुला झाल्यापासून निघालेत ना, काचेचे, थंडगार... अमेरिकेहून शिकून परतलेला डॉक्टर म्हणतो, “साब, तीन बातां हो सकते. गाठ फेफड़े में उतरी, नइं तो इन्फेक्शन, नइं तो दवा काइच असर. एक्स-रे में सब एक सरीका दिखता. नली डाल के देखना पड़ता.” घ्या! संशय तिघांवर आणि नळी माझ्या नाकात! गोम आहे की नाही?

वर विचारतो, “वो सफेद गोलियां बराबर लेरैं ना?” म्हटलं, “हौ.” आमची बायको निर्मला म्हणाली, “मी स्वतःच्या हातानं देते!” देते हो, देतेच... पण तुम्हीच सांगा, ताप नव्हता, खोकला नव्हता, तेव्हापासून म्हणे इन्फेक्शन होऊ नये म्हणून गोळ्या! चोरी व्हायच्या आधीच फौजदार दारात? गोम नाही यात?

आणि निर्मलाला संशय माझाच! “हे चोरून पान खातात, म्हणून खोकला!” असं म्हणून पिशवीतून काय काढावं? माझं पानदान! पानावर बंदी आल्यापासून फळीवर पडलेलं. धाडकन टेबलावर उघडलं... चुना नाही, कात नाही, सुपारी नाही, नुसत्या सफेद गोळ्या! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर हसलाच. “अम्मा, अब मालूम हुआ, पहले क्या ढूंढना!”

नळी घातली. निकाल आला... गाठ नव्हे हो, इन्फेक्शन! बरं होणारं! निर्मला तिथंच रडली, आणि खोटं कशाला बोलू, मीही रडलो.

“औषध कोणतं?” विचारलं. “वोइच गोली, साब. मगर अब बहोत ज्यादा.” म्हणजे रोखायला एक आणि मारायला मूठभर? म्हटलं, नक्कीच यात काहीतरी गोम... तर निर्मला टॉर्च घेऊन समोर उभी!

“गोम मागनं शोधा. आधी गिळा. हं, आता आ करा... जीभ वर!”