वर्साची रेकाड आणि माझं बोट

न्हाई, पर मी म्हणतो, फोनो तुमचा, रेकाडी तुमच्या, भांडणं बी तुमचीच, मग बोट माझंच का? गावात काय बोटांचा दुकाळ पडलाय? तुमाला सांगतो, आमच्या कडेगावात एवढी मानसं, परत्येकाला धा-धा बोटं, आन् लालासाहेबांच्या फोनोला चालतंय ते माझं एकट्याचं, उजव्या हाताचं, अंगठ्याच्या शेजारचं. "जोतीराम, ये रं जरा." आता ह्ये 'जरा' म्हंजी किती, ते इचारू नका. गेल्या दिवाळीचा आख्खा पाडवा माझा त्या 'जरा'त गेला.

त्येचं असं झालं बगा. मी शिंपी. लालासाहेबांच्या ओसरीवर माझी हातमशीन. लालासाहेब म्हंजी गावातलं बडं उसवालं, मिशा ह्या एवढ्या, आन् गाण्याचं येड त्या मिशांपरीस मोठं. त्येंच्या फोनोची कमान त्येच्या आदल्या साली कडकन तुटली. कमान तुटली म्हंजी चावी देऊन उपेग न्हाई, तबकडी आपली आपण फिरत न्हाई. नवी आणायची तर तिकडं इलायतेत लढाई पेटलेली. सातारला माणूस धाडला, सांगलीला धाडला, दोन्हीकडनं एकच जबाब, "लढाई संपू द्या." आता लढाई संपंस्तवर गाणं ऐकायचं न्हाई म्हणलं तर ह्येंचा जीव जाणार. मग निघालं, हातानं फिरवा. लालासाहेबांनी स्वता फिरवली, तर बुवा हिरीतनं वरडल्यागत गायला लागला. दुसऱ्यानं फिरवली, तर बाई अशी पळत सुटली की कडवं संपलं कवा ते तिला बी कळलं नसंल. तेवढ्यात कुणाची तरी नजर ओसरीवर गेली. मी आपला खाली मान घालून मशीन फिरवत हुतो. घर्र, घर्र, घर्र... एका चालीत.

झालं, तितंच मी अडाकलो.

आता ह्यो समान हात मला काय आभाळातनं पडला व्हय? माझ्या आईनं दिला. मनुबाई तिचं नाव. बाप लवकर गेला, तिनं मशीन चालवून मला वाढवला. "जोत्या, हात पळवू नगंस, थांबवू बी नगंस. दोरा तुटता कामा न्हाई." असं सांगत सांगत तिनं मला चाक फिरवाया शिकवलं. ती जाऊन वरीस झालं. तिनं काय ह्येच्यापायी शिकवलं हुतं? पर सांगायचं कुणाला? लालासाहेबांची ओसरी, आन् बोट फोनोवर. बोट काढू कसं?

बरं, नुसतं ऐकत्यात म्हणावं तर तसं बी न्हाई. ह्या लोकांनी एक नेम काढलाय. दर पाडव्याला बसायचं, वर्सात गावात ज्या नव्या रेकाडी आल्या त्या सगळ्या वाजवायच्या, आन् ठरवायचं की वर्साची रेकाड कंची. मग जी ठरंल ती वर्सभर गावच्या परत्येक लग्नात, परत्येक जत्रंत पयली वाजणार. तुमाला हसू येतंय, पर लोकांनी ह्येच्यापायी सोयरिकी मोडल्यात. त्या वर्सी रेकाडी आल्या तीन. लढाईत तीन बी लय झाल्या. लालासाहेबांनी आणली एका बुवाची, लांब लांब तानांची. हंबीरराव हवालदार, गुडघ्यात गोळी बसल्यावर मिसर देशातनं घरी आलेला गडी, त्येनं आणली एका बाईची शिनेमातली हिंदी. आन् बांगड्यावालं हाफिजभाई, त्येंनी मिरजंस्नं आणली कव्वाली, दोन्ही अंगाला भरून टाळ्या.

आन् त्याच पाडव्याला, ऐका नीट, त्याच पाडव्याला कऱ्हाडात माझ्या पोरीचं बारसं.

पयलं लेकरू. आमची रंगू बाळंतपणाला म्हायेरी, कऱ्हाडला. पाचवीला गेलतो तवा तिनं मला दाराआड घेतलं. म्हणली, "आवं, पोरीचं नाव तुमच्या आईचं ठिवू. मनू. माझ्या मनात हाय." माझ्या डोळ्यांस्नी पाणी आलं, खोटं कशाला सांगू. दादा म्हंजी माझं सासरं. म्हणली, "पर दादांनी त्येंच्या आईचं नाव धरलंय, राहीबाई. तुमी दिस मावळायच्या आत आला आन् चारचौघांत बोलला तर दादा ऐकत्याल. न्हाई आला तर मला बाळंतिणीला कोण इचारतंय?" मी म्हणलं, "येडे, दुपारच्या मोटारीनं येतो." येणारच हुतो. अंगडं-टोपडं शिवून गठुडं बांधून तयार. मोटार लालासाहेबांच्या दारासमोरनंच सुटती. आता ती मोटार म्हंजी लढाईतली, पेटरोल न्हाई, पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली. निघायच्या आधी घटकाभर भट्टी फुंकावी लागती. मी गठुडं काखंत धरून हुबा, आन् वरनं हाक आली.

"जोतीराम, ये रं जरा. मोटारीला अजून टाइम हाय."

मी म्हणलं, "मालक, माझ्या पोरीचं बारसं हाय कऱ्हाडला." लालासाहेब म्हणलं, "वा वा, लय ग्वाड. ही एकच फिरव आन् जा." ह्ये झालं एकदा सांगून.

बसलो. पिन ठिवली. बोट लावलं. बुवा सुरू झाला. आन् तुमाला सांगतो, तो बुवा एकदा जो वर चढला तो उतरायचं नावच घेईना. लालासाहेब डोळं मिटून मान हालवत्यात, मी दारातनं मोटारीच्या धुराकडं बघतोय. संपली एकदाची. मी उठाया लागलो तर हंबीरराव आडवा. "बैठ जाव. त्येंची वाजवली, आमची न्हाई वाजवायची?" म्हणलं, "हवालदारसायब, माझी मोटार." तर म्हणतो कसा, "मोटार कुटं जातीया? डायवर तर हितंच बसलाय." बघतो तर खरंच. मोटारीचा अर्जुना डायवर खांबाला टेकून बसलेला, हातात पानाचा इडा. भट्टी क्लीनर फुंकतोय. म्हणलं, डायवर हितं हाय तंवर मोटार कुटं जात न्हाई. आन् त्या इचारानं माझा घात केला.

हंबीररावाची वाजवली. संपली न संपली तोच तो कडाडला, "ह्यात लबाडी हाय." म्हणलं, काय झालं? "तू लालासाहेबांचा बुवा संथ फिरवलास, म्हणून त्यो भारदस्त वाटला. आमची बाई जोरात फिरवलीस, म्हणून मांजरावानी केकाटली. तू त्येंच्या ओसरीवर बसतोस, तू त्येंचाच." आवं, आता काय बोलायचं? ज्या कापडाचं मी अंगडं शिवलं, ते कापड लढाईच्या टंचाईत हंबीररावानंच कँटीनातनं आणून दिलेलं. त्या मानसाला लबाड ठरवून जायचं कसं? बोट काढू कसं?

मग हाफिजभाई मधी पडलं. मानूस सज्जन. खिशातनं घड्याळ काढलं. "देखो भाई, रेकाडीवर आकडा लिवलाय, अठ्ठ्याहत्तर. एका मिनटात अठ्ठ्याहत्तर फेरे. जोतीरामनं मोजून फिरवायचं, मी घड्याळ धरतो, हवालदार मोजत्याल. झगडा खतम." झगडा खतम कसला, तिन्हीच्या तिन्ही पयल्यापासनं. रेकाडीवर खडूनं रेघ मारली. हंबीरराव कवायतीवर असल्यागत "एक, दो, एक, दो" करतोय, त्या एक-दोमुळं गाणं कुणाला ऐकू येईना, म्हणून लालासाहेब तापलं. "तुमची पलटण मागं घ्या, मला बुवा ऐकू द्या." मग ठरलं, हंबीररावानं मनातल्या मनात मोजायचं आन् मी बी मनातल्या मनात मोजायचं. मी म्हणलं, "पर माझ्या पोरीचं बारसं..." हाफिजभाई म्हणलं, "मुबारक, मुबारक. तिच्यासाठी त्या काळ्या मनगट्या दिल्यात त्या पसंत पडल्या का?" ह्ये झालं दुसऱ्यांदा सांगून. आन् मनगट्यांचा इषय काढल्यावर कव्वाली न वाजवता उठायचं कोणत्या तोंडानं?

पुन्यांदा बुवा झाला. पुन्यांदा बाई झाली. कव्वालीचं एक अंग झालं, दुसरं अंग झालं. मधी कुणीतरी च्या आणला, तो माझ्या डाव्या हातात. नाकावर माशी बसली, ती तशीच बसून ऱ्हायली. भाईर क्लीनर वरडतोय, "अर्जुनादा, भट्टी तयार हाय." अर्जुना आतनं म्हणतोय, "थांब रं, मत पडू दे." मोटारीत बसलेल्या बायका शिव्या घालाय लागल्या. म्हणलं, घाला बायांनो, माझ्या वाटच्या बी घाला.

मत पडलं. लालासाहेबांचं बुवाला. हंबीररावाचं बाईला. हाफिजभाईंचं कव्वालीला. एक, एक, एक. आता? अर्जुना डायवर म्हणला, "माझं मत हाय की." तिघं एका दमात म्हणलं, "तू कऱ्हाडचा, तुला गावात मत न्हाई." बघा, एवढ्या येळात तिघांचं जमलं ते एवढ्यावरच. आन् मग हळूच तिन्ही माना माझ्याकडं वळल्या. लालासाहेब गोड आवाजात म्हणलं, "जोतीराम, दिसभर तू फिरवलंस. तूच सांग. वर्साची रेकाड कंची?"

 बुवा म्हणलं तर हंबीरराव म्हणणार, बघा, मी सांगत हुतो. बाई म्हणलं तर ओसरी जाणार. कव्वाली म्हणलं तर दोघं बी उखडणार. मी आपला खरं ते बोललो. "मालक, मी ऐकलंच न्हाई."

"म्हंजी?"

"मी मोजत हुतो. एक ते अठ्ठ्याहत्तर. मोजताना गाणं कुटलं ऐकू येतंय?"

आवं, वरीसभर मी त्येंना गाणी ऐकवतोय आन् मला त्यातलं एक कडवं म्हणता येत न्हाई, ह्ये मला बी तवाच कळलं. लालासाहेब इचारात पडलं. मला वाटलं, सुटलो. कशाचं काय. म्हणलं, "बरुबर हाय. गरीबावर अन्याय झाला. आता जोतीरामनं नुसतं ऐकायचं, दुसऱ्यानं फिरवावं." हाफिजभाईंनी बोट लावलं, तर कव्वाल सगळं ताडी प्याल्यागत झालं. मग हंबीरराव म्हणला, "फिरवायचं बी त्येनंच आन् ऐकायचं बी त्येनंच." ही शिक्षा त्येंच्या पलटणीत बी नसंल. मी म्हणलं, "माझ्या पोरीचं..." "बसत न्हाईस व्हय रं गप?" ह्ये झालं तिसऱ्यांदा.

आता मी ऐकाय लागलो. आन् खरं सांगू? ते बुवाचं गाणं चांगलं हुतं. आईवरचं हुतं. म्हंजी देवीलाच आई म्हणलं हुतं, पर मी आईवरचंच ऐकलं. हात आपला आपण फिरत हुता, मी मोजलं न्हाई, तरी घड्याळाला एक फेरा चुकला न्हाई. मला वाटलं, आई येऊन बसलीय माझ्या शेजारी. आन् मी डोळं मिटलं. मीच मिटलं, कुणी सांगितलं नव्हतं. भाईर भोंगा वाजला, अर्जुना पळाला, मोटार घरघरली, ह्ये सगळं मी ऐकलं. पर लालासाहेब म्हणलं, "कडवं पुरं होऊ दे गड्या." आन् तुमाला सांगतो, बोट काढू कसं, असं मी त्या येळंला सोताला इचारलंच न्हाई. ह्येच तर दुक्क हाय माझं.

डोळं उघडलं तर सोप्यात नुसता कोळशाचा धूर. मी बोट उचाललं. बुवा हुं... करून बसला. तिघं म्हणलं, "म्हंजी तुझं मत कुणाला?" मी म्हणलं, "मत घाला चुलीत. माझी मोटार गेली. पोरीचं बारसं हाय आज."

तर हंबीरराव म्हणतो, "आरं, मग आधी सांगायचंस न्हाई का?"

लालासाहेबांनी छकडा जुपला, बैल पळवलं, कमी काय केलं न्हाई. पर मला एकट्याला धाडायचं सोडून तिघं बी छकड्यात बसलं, का तर माझं मत ऱ्हायलंय. वाटंत उसाचं फड बघत, बुवा का बाई का कव्वाली, असं भांडत बसलं, बैलांनी सुदिक कान पाडलं. कऱ्हाडात पोचलो तवा दिवं लागलं हुतं. पाळण्याला फुलं बांधलेली, घुगऱ्या वाटून झालेल्या. सासरं म्हणलं, "या. राहीबाई नाव ठिवलं. तुमची लय वाट बघितली." रंगू नुसती माझ्या बोटाकडं बघत हुती, काळं झालं हुतं घासून. मला वाटलं, धरणी फाटावी.

आता पोरगी आठ म्हैन्यांची हाय. घरात कुणी नसलं म्हंजी मी दार लोटून घेतो, तिच्याजवळ बसतो आन् हळूच म्हणतो, "मने... ए मने..." तर ती ढुंकून बघत न्हाई. आन् "राही" म्हणलं की खुदकन हसती.