एकतीस नंबरचं झाकण

समारंभाचे अध्यक्ष आणि बाटलीबंद मालाच्या कारखानदार संघटनेचे प्रमुख, मंचावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे साहेब, त्यांची खुर्ची यापुढे सांभाळणार असलेल्या त्यांच्या कन्या आणि आम्हा सगळ्यांच्या ताई, कारखान्यातले आजी-माजी सोबती, आणि अगदी शेवटच्या रांगेत पंख्याखालची जागा पटकावून बसलेल्या माझ्या निवड खोलीतल्या अकरा जणी, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

निवेदकांनी आत्ता माझी ओळख 'ज्येष्ठ गुणवत्ता अधिकारी' अशी करून दिली. ऐकून मीच मागे वळून पाहिलं, कोण बाई आल्या म्हणून! ते पद मला पाच वर्षांपूर्वी मिळालं. त्याआधी तेहतीस वर्षं मी भंगार निवडत होते आणि खरं सांगायचं तर आजही तेच करते. कारखाना मला मावशी म्हणतो. एकटे साहेब तेवढे 'बाई' म्हणतात.

मला पाच मिनिटं दिली आहेत. पुरणार नाहीत, हे आयोजकांनाही ठाऊक आहे. तेव्हा आधीच सांगून टाकते की मी इथे फक्त कौतुक करायला उभी राहिलेली नाही. निवड खोलीच्या दारावर गेल्या आठवड्यात एक कागद चिकटला. समारंभाच्या दुसऱ्या दिवसापासून खोली बंद, तिचं काम नव्या कॅमेऱ्यांकडे, अकरा जणींनी हिशेब घेऊन जावा. मी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.' आता खुर्ची हा समारंभ संपेपर्यंत साहेबांची आहे. म्हणजे माझ्याकडे हे भाषण आहे तेवढाच वेळ आहे. साहेब, एका ओळीची चिठ्ठी हवी आहे. पेन मी आणलंय.

हसू नका, मी गंभीर आहे.

तुमच्या सगळ्यांच्या हातात ही गुळगुळीत स्मरणिका आहे. मी काल ती पूर्ण वाचली. तिच्यात 'दूरदृष्टी' हा शब्द सतरा वेळा आलाय. अब्जाधीश माणसाबद्दल लिहायचं म्हटलं की लेखणीला हा शब्द आपोआप सुचत असावा. पण साहेबांना लांबचं दिसतच नाही हो! चष्मा काढला तर समोरचा माणूस ओळखत नाहीत. त्यांना दिसतं ते जवळचं, बोटाच्या पेरावर मावेल एवढं. आणि ते असं दिसतं की माझ्यासारखीनं तोंडात बोटं घालावीत.

मी कामाला लागले तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये दोन मशिनं होती. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनायची. मला वाटलं, झाडायला, पुसायला ठेवतील. साहेबांनी मला एका टेबलापाशी नेलं आणि एक पोतं उलटं केलं. हजारभर फुटकी, वाकडी, अर्धवट झाकणं. म्हणाले, "बाई, हा आपला माल नाही. हा पलीकडच्या कारखान्याचा. त्यांचं भंगार मी भंगारवाल्याकडून विकत घेतो."

मी म्हटलं, "कशाला? आपलं कमी पडतं का?"

ते हसले नाहीत. त्यांनी एक झाकण उचललं, आतली बाजू माझ्याकडे केली आणि म्हणाले, "नंबर वाचा." आत मध्यभागी, तिळाएवढा, नऊ आकडा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका साच्यात एकाच वेळी बरीच झाकणं पडतात, कुठे सोळा, कुठे चोवीस. साच्यातल्या प्रत्येक घराला नंबर असतो आणि तो त्या घरातून पडणाऱ्या प्रत्येक झाकणावर उमटतो. तुम्ही आज घरी जाऊन कुठल्याही बाटलीचं झाकण उघडून पाहा, बहुतेक वेळा सापडेल. भंगारात नऊ नंबर जास्त आले तर त्यांचं नववं घर झिजलंय. आटे कच्चे असतील तर त्यांनी प्लास्टिकचा दाणा हलका आणलाय. साहेब ती झाकणं एखाद्या पत्रासारखी वाचायचे. पलीकडच्या मालकाला स्वतःच्या कारखान्याचं जे माहीत नव्हतं, ते आमच्या टेबलावर पसरलेलं असायचं. दर आठवड्याला एक पोतं, आणि तेही रोख पैसे देऊन, राजरोस!

सांगा मला, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? श्रीमंत कसं व्हावं याच्या पुस्तकांत पहाटे उठा, थंड पाण्यानं अंघोळ करा, असलं काहीबाही असतं. शेजाऱ्याचा कचरा वाचा, असं कुणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही.

मी चुकलेही आहे, आणि चांगलीच. दुसऱ्या वर्षी एका पोत्यात मला हिरव्या झाकणांचे ढीगच्या ढीग सापडले. मी धावत गेले. म्हटलं, "साहेब, त्यांना हिरव्या झाकणाचं नवं गिऱ्हाईक लागलंय!" साहेबांनी ताबडतोब हिरवा दाणा मागवला, ट्रकभर झाकणं पाडली. आणि मग कळलं की गिऱ्हाईक वगैरे कुणी नव्हतं. निळ्यावरून पिवळ्यावर जाताना त्यांचं मशीन धुऊन निघत होतं आणि मधला माल हिरवा पडत होता! मी पिशवी भरून ठेवली, आज काढणारच. साहेब आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही वाचलंत बरोबर, बोललात लवकर. तीन पोती बघितल्याशिवाय बोलायचं नाही." एवढंच. पगार कापला नाही, आवाज चढवला नाही. मी घरी जाऊन रडले मात्र पोटभर.

आता ज्या प्रसंगाला स्मरणिकेत 'ऐतिहासिक झेप' म्हटलंय, तो सांगते. पलीकडच्या कारखान्याला एका मोठ्या दूध कंपनीचं काम मिळालं होतं. त्यांचा साचा चोवीस घरांचा. एका आठवड्यात त्यांच्या भंगारात तेरापासून चोवीसपर्यंतचे नंबर दिसेनात. मी गप्प राहिले. दुसरं पोतं, तेच. तिसरं पोतं, तेच. तेव्हा साहेबांकडे गेले आणि म्हटलं, "त्यांचा अर्धा साचा बंद पडलाय. ते अर्धाच माल देऊ शकतील." साहेबांनी ती तिन्ही पोती स्वतः तपासली, दोन तास. मग उठले, शर्ट बदलला आणि बारा दिवस दोन्ही मशिनं दूध कंपनीच्याच झाकणाच्या मापावर लावली. ज्या सकाळी दूध कंपनीची झाकणं संपली, त्या सकाळी कंपनीच्या फाटकाबाहेर आमचा ट्रक उभा होता. त्यांचा खरेदी अधिकारी डोळे फाडून बघत राहिला. त्याला वाटलं, देवानं पाठवला. ट्रक साहेब स्वतः चालवत होते.

सहा महिन्यांत पलीकडचा कारखाना बंद झाला. माझा सख्खा दीर तिथे फिटर होता. मला आधी कळलं होतं आणि मी त्याला सांगितलं नाही, म्हणून तो माझ्याशी दोन वर्षं बोलला नाही. साहेबांनी तो कारखाना विकत घेतला आणि जवळजवळ सगळ्या माणसांना परत कामावर घेतलं, माझ्या दिरालासुद्धा. आता हे चांगुलपणापोटी केलं की तयार कारागीर हवे होते म्हणून? इतकी वर्षं झाली, मला अजून सांगता येत नाही. कदाचित साहेबांनाही येणार नाही. हो ना साहेब? बघा, मान हलवताहेत, पण हो म्हणताहेत की नाही, ते कळत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. त्यांनी बाटलीवाल्यांना झाकण बसवायची मशिनं फुकट दिली. फुकट! लोक म्हणाले, म्हातारपणाआधीच डोकं फिरलं. त्या मशिनांत फक्त आमचंच झाकण बसायचं, हे लोकांच्या नंतर लक्षात आलं. अध्यक्षमहाराज, तुम्हीही त्यातलेच, बरोबर? तुमचं दूध असो, तेल असो, औषध असो, झाकणाशिवाय तुमचं घोडं अडतं, हे या माणसानं तुमच्याआधी ओळखलं. औषधांच्या बाटलीला तोडून उघडायची कडी असलीच पाहिजे असा कायदा झाला, तेव्हा आमचा कडीचा साचा वर्षभर आधीच तयार होता. कायदा आधी सुचला की साचा, हे मला विचारू नका, त्या समितीत साहेब होते एवढंच मला माहीत. मग ट्रक आले, गोदामं आली, बंदरावरचा धक्का आला, वर्तमानपत्र आलं. एक मोठा रस्ता सरळ जायचा तो आमच्या फाटकाशी वळला. आमच्या कचेरीबाहेरच्या लाकडी बाकावर मंत्री बसलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत, आणि आत साहेब माझ्याबरोबर एका झाकणाचे आटे मोजत होते. "थांबू देत, बाई. तुम्ही पुढे बोला." मला त्या दिवशी अभिमान वाटला आणि थोडी भीतीही वाटली. एका माणसाच्या हातात इतकं सगळं असावं का, असं मनात येऊन गेलं. पण खोटं कशाला बोलू, अभिमान जास्त होता.

आता माझ्या कामाचं बोलते.

ताईंच्या नव्या कारखान्यात अठ्ठेचाळीस घरांचा साचा आहे. कॅमेरे आहेत. आम्ही सगळ्या जणी दिवसभरात जेवढं बघतो तेवढं ते चहा उकळेपर्यंत बघतात. मी त्यांच्यासमोर हात टेकलेत, खरंच. पण सवय जाईना. नव्या कारखान्याचं भंगार बाहेर विकलं जातं, तेव्हा मी ते विकत घेतलं. आपल्याच कारखान्याचं! भंगारवाला म्हणाला, "मावशी, तुम्ही उशिरा आलात. या पोत्यांना आणखी एक गिऱ्हाईक आहे, दर आठवड्याला येतं." ऐकलंत साहेब? आपल्याला कुणीतरी वाचतंय.

मी तीन पोती बघितली, तीन आठवडे. एकपासून अठ्ठेचाळीसपर्यंत सगळे नंबर आहेत. फक्त एकतीस नाही. तीन पोत्यांत एकसुद्धा एकतीस नंबर नाही. घर बंद म्हणावं, तर गोदामात एकतीस नंबर येतच होते. एखादं घर इतकं निर्दोष असतं का कधी? या हयातीत मी पाहिलं नाही. आणि जे भंगारात येत नाही, ते कुठे जातं? चांगल्या मालात जातं. मी गोदामातून मूठभर एकतीस नंबर मागून घेतले. बाहेरून देखणे, कॅमेऱ्यानं पास केलेले. आतली कडी एका बाजूला सैल. लहान मुलांच्या औषधाच्या बाटल्यांसाठीची झाकणं आहेत ती. घाबरू नका, माल अजून गोदामात आहे. पण परवा निघतोय. माझ्या तीन अर्जांत हेच लिहिलं होतं.

साहेब, म्हणून चिठ्ठी हवी आहे.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं... सकाळीच? सह्या सकाळीच झाल्या?

माफ करा. मला वाटलं होतं, हा समारंभ संपेपर्यंत... म्हणजे मी मघापासून चुकीच्या खुर्चीशी बोलतेय! अहो साहेब, मग मध्येच थांबवायचं तरी होतं! बघा, हसताहेत. ज्या माणसानं आयुष्यात एक झाकणसुद्धा कुणाच्या हाती सोपवलं नाही, त्यानं सगळं साम्राज्य सकाळी चहाआधी देऊन टाकलं आणि इथे येऊन पाहुण्यासारखे बसलेत. एवढं मात्र मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं.

ठीक आहे. मग नमस्कार पुन्हा एकदा करते. कंपनीच्या माननीय अध्यक्षा, ताई, माझी मागणी तुमच्याकडे आहे. नाही, तुम्ही उठू नका, मी येते तिकडे... बरं, या. हे घ्या, एकतीस नंबर. अंगठा आतून फिरवा. सावकाश. कडीवरून. आणखी एकदा.

ताई म्हणताहेत, "मला काहीच लागत नाही, मावशी."

मागे ऐकू गेलं का? ताईंना काही लागत नाही. आणि भरलेल्या सभागृहात त्यांनी ते तसंच्या तसं सांगितलं. ताई, तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर 'हो, हो, लागलं' म्हणून मोकळं झालं असतं.

काय? शिकायला किती दिवस लागतात? दिवस नाही हो, मला चार वर्षं लागली.

थांबा, माइक त्यांच्या तोंडाशी धरते. बोला ताई, सगळ्यांना ऐकू दे.

"मग चार वर्षं तरी खोली बंद करता येणार नाही. आणि परवाचा माल निघणार नाही."

अगं बायांनो, रडताय काय तिकडे पंख्याखाली! उद्या आठला हजर राहा, ताईंसाठी एक स्टूल पुसून ठेवा.

मंडळी, पाच मिनिटांची वीस झाली. आपल्या कंपनीची गुपितं मी भर सभेत सांगितली, साहेबांची थट्टा केली, कंपनीचा अध्यक्ष कोण हेही मला धड कळलं नाही. एवढ्या चुका एका भाषणात बसवणारी मी पहिलीच असेन. मोठ्या मनानं पोटात घाला. आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि साहेब, तुमचे तर शब्दांत मावणार नाहीत इतके आभार. आता कुणीतरी मला खाली उतरायला हात द्या.