दह्याच्या डब्यातली पाल

अपूर्वा : हो, तोच गं, आपल्या बेसमेंटच्या खिडकीत सापडला होता तो! लॅबचा रिपोर्ट आलाय, आई. अस्सल जेफरसन सॅलमँडर!

उमा : अगं, एका पालीसाठी एवढ्या उड्या?

अपूर्वा : पाल नाही गं! बेडकाच्या नात्यातला आहे तो. त्याचे भाऊबंद डिट्टो त्याच्यासारखेच दिसतात, म्हणून तर शेपटीचं टोक डीएनएला पाठवलं. फार दुर्मिळ; आपल्या घरामागच्या झाडीत याची आजवर नोंदच नव्हती. उद्या ऑफिसात माझा झाडीचा सर्व्हे सबमिट केला की मॅपवर नवा ठिपका. मग दुर्मिळ प्राण्यांच्या नव्या कायद्याने तिथे ठरलेली टाउनहाउसेस बांधणं अवघडच. झाडी वाचली!

उमा : अपूर्वा, बस जरा. तो झाडीतून नाही आला. मी आणला.

अपूर्वा : कुठून?

उमा : मिल्टनला डोंगरावर फिरायला गेलो होतो ना, तिथून. ओल्या पानांखाली होता. दह्याच्या डब्यात घालून आणला.

अपूर्वा : अगं, पण का?

उमा : तुझ्या बेसमेंटमध्ये किती ते कोळी! आणि घरात एक पाल नाही. नागपूरला आपल्या ट्यूबलाइटमागे पाल होती, तर किडा टिकत नव्हता. मला वाटलं, थंड देशातली पाल अशीच काळी असेल.

अपूर्वा : आणि मी त्याला मागच्या झाडीत एका लाकडाखाली सोडून आले.

उमा : मग सांगू नको ना कोणाला. मी तर पुढच्या महिन्यात नागपूरला चालले. झाडं तरी वाचतील, बाप्पा!

अपूर्वा : मलाही तेच वाटतंय. तीन वर्षं त्या झाडीत चिखल तुडवतेय मी. पण हा एक ठिपका खोटा निघाला, तर माझे बाकीचे ठिपके कोण खरे मानेल?

उमा : म्हणजे झाडी जाईल.

अपूर्वा : बहुतेक.

उमा : आणि तो?

अपूर्वा : बर्फ वितळलं की ते दरवर्षी आपापल्या तळ्यावर जातात. हा मागे कुठेतरी आपलं तळं शोधत असेल.

उमा : परक्या गावात आणून टाकलं गं मी त्याला.

अपूर्वा : ऑफिसला खरं काय ते लिहिलं, बघ. आत्ताच पाठवलं. परवानगी मिळाली की त्याला मिल्टनला सोडू. चल, बूट घाल. त्या लाकडाखाली अजून आहे का बघू.

उमा : थांब. तो डबा धुऊन ठेवलाय मी. घेते.