सोमवारचा चहा

— नाही नाही, पिळू नकोस गं, पहिल्या पाण्यातून पिळायचं नसतं. नुसतं बुडवायचं, दोन बोटांनी हलवायचं आणि पडू द्यायचं. हां, तसं. आणि साबण अजिबात नाही — साबण दुसऱ्या पाण्याला. आधी तो चहा खिडकीत ठेव बघू, सांडशील, तुझ्यासाठीच केलाय, पळून नाही जात. आता बघ, हा लांबोडका रुमाल, याने फादर प्याला पुसतात. काल रविवारच्या मिस्सेत पुसलाय, म्हणजे त्याला द्राक्षारस लागलेला असणार, थेंब का होईना, आणि तो आता नुसता द्राक्षारस राहिलेला नसतो, प्रभूचं रक्त झालेला असतो, तुला ठाऊक आहे, मी काय सांगणार — म्हणून हे पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही. कधी म्हणजे कधीच नाही. ते भिंतीजवळच्या गुलाबाच्या मुळाशी घालायचं, मातीत. उगाच का तो एवढा माजलाय! मग दुसरं पाणी, साबण, लिपस्टिकचे डाग — हो, लागतात, बायका प्याल्याला ओठ लावतात आणि फादर पुसतात, त्यात पाप नाही, फक्त जास्त चोळावं लागतं. आणि हा चौकोनी मोठा, हा वेदीवर पसरतात, याला झटकायचं नाही, कण पडतात. नऊ घड्या, सगळ्या आतल्या बाजूला. एकतीस वर्षं मी हेच करतेय, दर सोमवारी. सांगते कसली, हात आपोआप चालतात आता, मी नुसती त्यांच्याबरोबर असते. दमलेय गं. मास्तरांनी ऑर्गनवरून उठून सांगितलं, माझी धाकटी सून येईल तुमच्या हाताखाली शिकायला, तेव्हा इतकं हायसं वाटलं म्हणतेस, घरी जाऊन सरळ आडवी झाले.

काय? रविवारचं? हो, ऐकलंय मी. ऐकलंय काय, ठरवताना मला समोर बसवलं होतं. मानपत्र देणार आहेत, चौकटीतलं, ‘निःस्वार्थ सेवेबद्दल कृतज्ञता’. मी म्हटलं, फादर, फडकी धुतलीत मी. ऐकतात कुठे! भले आहेत, पोरगेलेसे आहेत, उत्साह दांडगा. मानपत्र देऊ देत, एक वेळ मी हसून घेईन, भिंतीवर लावीन. पण खुर्ची मांडणार आहेत ना — पहिल्या बाकाच्याही पुढे, गादीची — आणि कम्युनियनला सगळ्यांच्या आधी मी. भाकरही आणि प्यालाही. फोटोवाला सांगून ठेवलाय. त्या खुर्चीने माझी झोप उडवलीय. आठ दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही.

का म्हणजे? अं — हे बघ, तुला एक काम सांगते, छोटंसंच आहे. रविवारी तू चर्चच्या मागे, या खोलीतच थांब. कम्युनियनची रांग लागायच्या जरा आधी, घंटी वाजली ना की, लगबगीने बाहेर ये आणि माझ्या कानाशी सांग — काय सांगशील — सांग की मागचा नळ चालू राहिलाय, बंद होत नाहीये. की मी उठलेच. मी परत येईपर्यंत रांग संपलेली असेल. एवढंच. कुणी मनावर घेणार नाही, सगळ्यांना सवय आहे, ही बाई मिस्सेतही कामाला पळते. पळतेच. कधी धुपाचे निखारे विझले का बघायला, कधी फुलदाणीत पाणी घालायला. सहा वर्षं झाली, रांग लागली की मला काहीतरी आठवतं.

अशी बघू नकोस. हो. सहा वर्षं मी कम्युनियन घेतलेलं नाही. आता माहीत झालं तुला, झालं! हे सांगायचं नव्हतं, नुसतं नळाचं सांगायचं होतं. वय झालं की तोंडाला झाकण राहत नाही. — त्या रुमालाला हात लाव, तो तिथेच वाळायचा.

हे कपाट बघतेस? ओढ तो खालचा खण. बघ कसा येतो, आवाज तरी होतो का? आमच्या मिस्त्रींचं काम. नवरा माझा, पण सगळं जग मिस्त्री म्हणायचं, म्हणून मीही. मी इथे लागले त्याच्या सहाव्या वर्षी त्यांनी हे कपाट बसवलं, तीन आठवडे किल्ली त्यांच्याकडे होती. आणि काम संपलं त्याच आठवड्यात डबी हरवली. चांदीची, खिशातल्या घड्याळाएवढी असते — आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेतात ती. तेव्हाचे मोठे फादर, आता बदलून गेले कधीच, त्यांनी चोर म्हटलं नाही हं. कुणीच नाही म्हटलं. रविवारी ते फक्त म्हणाले, ज्याच्याकडे असेल त्याने गुपचूप आणून ठेवावी, कुणी काही विचारणार नाही. आणि सगळ्या माना चौथ्या बाकाकडे वळल्या. चौथ्या बाकावर आम्ही. मिस्त्री उठले, बाहेर गेले आणि पायरीवर बसले. तेव्हापासून तिथेच. मला दर रविवारी आणून सोडायचे, पायरीवर बसायचे, मिस्सा संपली की घरी न्यायचे. एकोणीस वर्षं! लोक त्यांना वळसा घालून आत जायचे, चपलांच्या ढिगाला घालावा तसा. मी म्हटलं, अहो, मीही सोडते हे काम. तर म्हणाले, फडक्यांनी काय केलंय? तू जा.

सापडली की. तीन वर्षांनी. मीच काढली, याच खणाच्या मागून. खण भरून वाहत होता, तो ओढताना कधीतरी मागे घसरली असणार आणि फळीच्या फटीत उभी अडकली. मी धावत गेले, पायात काही नव्हतं, अशी धावले. मोठ्या फादरांनी डबी डोळ्यांना लावली, म्हणाले, देवाचे आभार! मी उभीच. मी म्हटलं, फादर, रविवारी एक शब्द बोलाल का, वरून, जिथून तेव्हा बोललात तिथूनच? तर म्हणाले, जाऊ दे बाई, जुनं कशाला उकरायचं, सगळे विसरलेत. विसरलेत? मग तो माणूस पायरीवर कसला बसलाय, हवा खायला? बोलले नाही मी. डोकं खाली घालून आले आणि घड्या घातल्या. नऊ, आतल्या बाजूला. त्या दिवसाची मला अजून चीड येते, त्यांची कमी, माझी जास्त. मिस्त्रींना सांगितलं तर ते रंधा मारत होते, थांबलेही नाहीत. म्हणाले, देवाचे आभार मानले ना, मग बरं झालं. माझी माफी कुणीतरी मागेल तेव्हा मला हाक मार.

नाही मागितली गं कुणी. मागायची कुणी, ते तर बदलून गेले. नवे आले त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

मग मिस्त्री आजारी पडले. घशाचं होतं. आधी भाकरी जाईना, मग भात जाईना, शेवटी पातळ तेवढं. माणूस दाराच्या चौकटीएवढा होता, तो गादीत दिसेनासा झाला. आत्ताचे फादर नवेच होते, आपणहून आले, म्हणाले, मिस्त्री, मी कम्युनियन घेऊन येतो. मिस्त्रींनी विचारलं, कशातून आणणार? फादर भाबडे, त्यांनी खिशातून काढून दाखवली. तीच डबी. चकचकीत — मीच तर घासलेली, दर महिन्याला मीच घासते. मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड केलं. म्हणाले, त्यातून नको. बाकी कशातूनही आणा, पुडीत बांधून आणा, त्यातून नको. फादरांना कळलंच नाही, त्यांना वाटलं आजाऱ्याचा हट्ट, पुन्हा येतो म्हणाले. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. तिथल्या तिथे. पण पंचवीस वर्षं या खोलीत गप्प राहायची सवय — जीभ वळलीच नाही.

आता तो नववा चौकोन घाल. दाब हाताने. हं.

पुढच्या सोमवारी मी इथेच बसले होते, तू बसलीयेस तिथे, हेच तसराळं पुढ्यात. पहिलं पाणी. आणि वाटलं, गुलाबाला मिळतं. गुलाबाला दर आठवड्याला मिळतं, त्याने काय केलंय, तो कुठल्या पायरीवर बसला होता? औषधाची रिकामी बाटली होती पिशवीत. भरली. घरी गेले आणि त्या पाण्यात चहा केला. निम्मी साखर ओट्यावर. त्यांना काही बोलले नाही. चमच्याने पाजला. प्यायले. मग दर सोमवारी. चार महिने. नवऱ्याला फसवून, फादरांना फसवून, आणि ज्याचं ते पाणी त्यालाही — म्हणजे असं उकळवून, साखर घालून! हसू नकोस. हस. मलाही कधी कधी येतं.

आणि मग तो गुरुवार. सकाळपासून काहीच घेत नव्हते, पाणीसुद्धा नाही, ओठ मिटलेले. मी म्हटलं, अहो, काय देऊ, काहीतरी सांगा. किती वेळाने ओठ हलले. मी कान नेला. म्हणाले, सोमवारचा चहा कर.

कळलं का तुला? सोमवारचा. त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून का मधूनच, देव जाणे. चार महिने तो माणूस ओळखून पीत होता आणि मला कळू देत नव्हता, माझी लबाडी सांभाळत होता. पायरीवरचा माणूस! मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. कारण बाटली रिकामी. सोमवारचं पाणी सोमवारीच संपायचं, मी उरवत नसे, नासेल म्हणून. गुरुवार होता गं. इथे यावं तर अर्धा तास जायला, अर्धा यायला, आणि फडकी तर सगळी धुऊन, इस्त्री करून खणात. फादरांना बोलवावं तर ते आणणार डबी. काय करू मी? नळ सोडला. नळाच्या पाण्यात चहा केला आणि नेला, आणि म्हटलं, घ्या, सोमवारचा.

आणि त्यांनी हात उचलला. उचलत नव्हता तो हात आठवडाभर, मी कूस बदलून द्यायचे. तो उचलला — कपाळ, छाती, हा खांदा, हा खांदा. खूण केली क्रुसाची. एकोणीस वर्षांनी. साध्या चहावर. दोन चमचे प्यायले. संध्याकाळी गेले.

आता बोल. हे सगळं न सांगता पोटात ठेवून कुठल्या तोंडाने मी हात पुढे करू त्या रांगेत? सांगून टाकावं म्हणतेस ना, कन्फेशनला जावं? तीनदा गेलेय. गुडघे टेकलेत, फादर पलीकडे खोकलेत, मी वाट बघत बसले आणि उठून आलेय. तिथे म्हणावं लागतं की मला पश्चात्ताप होतोय. आणि त्या चहाचा, सोमवारच्या, मला होत नाही. खोटं कसं सांगू, आणि तेही तिथे? पुन्हा तो गादीवर असता तर पुन्हा केला असता, दोन चमचे साखर घालून. होतो तो गुरुवारचा होतो. तो थांबत नाही. पण तो काय म्हणून सांगू — नवऱ्याला साधा चहा पाजला म्हणून? पहिल्यात मी पवित्र ते साधं म्हणून दिलं, दुसऱ्यात साधं ते पवित्र म्हणून. कुठल्याला पाप म्हणायचं हेच मला ठरवता येत नाही आणि सहा वर्षं मी नळ बंद करायला पळतेय. कंटाळा आला गं पळण्याचा. गुडघे राहिले नाहीत.

— काय म्हणालीस? मोठ्याने बोल. ‘बसून राहिलात तर?’ …

बसून.

म्हणजे रांग उठेल आणि मी खुर्चीत तशीच. फादर प्याला घेऊन समोर उभे, फोटोवाला समोर, आणि मी नाही म्हणायचं. अख्ख्या पॅरिशसमोर. सगळ्या माना वळतील बघ, चौथ्या बाकाकडे वळल्या होत्या तशा. … मिस्त्री बसलेच होते की. उन्हात बसले, पावसात बसले, छत्रीसुद्धा घेत नव्हते, म्हणायचे, लपायला मी काय केलंय? एकोणीस वर्षं दगडावर बसला तो माणूस, आणि मला एक दिवस गादीवर बसवत नाही होय?

तू नको येऊस रविवारी. म्हणजे ये, पण बाकावर बस, सासऱ्यांच्या ऑर्गनजवळ. नळ-बिळ काही नाही. फादर नंतर विचारतीलच, त्यांना राहवणार नाही. मग सांगीन. कन्फेशन म्हणून नाही, नुसतं सांगीन, या खोलीत बसवून, तो खण उघडून. आधी डबीचं सांगीन. चहाचं त्यानंतर. मानपत्र त्यांना परत घ्यायचं तर घेऊ देत, पण आधी डबीचं ऐकावं लागेल, आणि ऐकून झालं की वरून बोलावं लागेल, जिथून तेव्हा मोठे फादर बोलले तिथूनच. एवढे कृतज्ञ आहेत ना? मग तेवढं करा.

चल, ऊठ आता, माझं बोलणं संपायचं नाही आणि तुझं पाणी गार झालं. ते तसराळं उचल, हळू, दोन्ही हातांनी. गुलाबाला घाल. सगळं घाल, तळाला ठेवू नकोस.

आणि हे काय, चहा तसाच? साय धरली त्यावर. एवढं काय बघतेस त्याच्याकडे — अगं, नळाचं पाणी आहे ते. नळाचंच. पी आणि जा.